यंत्रावर कोण आले, कोण गेले: युनिक्स प्रणालींतील लॉगिन सत्रांचा माग

एखाद्या सर्व्हरची जबाबदारी नव्याने अंगावर आली की पहिला प्रश्न पडतो तो हा, की या क्षणी यंत्रावर माझ्याशिवाय आणखी कोण आहे. हा प्रश्न युनिक्सइतकाच जुना आहे. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, ही युनिक्सची मूळ कल्पना असल्यामुळे नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ‘हू’ ही कमांड होती, आणि ती आजही त्याच नावाने चालते. उत्तर मात्र प्रश्नाइतके सरळ नाही. लॉगिनची ही नोंद कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आपणहून ठेवत नसतो. ती ठेवतो लॉगिन करून देणारा प्रोग्रॅम, आणि असा प्रत्येक प्रोग्रॅम नोंद ठेवतोच असे नाही. म्हणून पुढे येणाऱ्या प्रत्येक कमांडचे उत्तर वाचताना ‘ही नोंद कोणी लिहिली, आणि न लिहिता कोण आत येऊ शकले असते’ हा प्रश्न मनाशी ठेवावा, असे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

एक सूचना वाचनाच्या सोयीसाठी. या लेखात कमांडची व फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष यंत्रावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची आहेत. ‘हू’ म्हणजे डब्ल्यू-एच-ओ, ‘लास्ट’ म्हणजे एल-ए-एस-टी, आणि ‘व्हार’ म्हणजे व्ही-ए-आर. एखाद्या पर्यायाचे अक्षर मोठे असायला हवे असेल तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे, कारण युनिक्समध्ये लहान आणि मोठे अक्षर यांचा अर्थ वेगळा होतो.

नोंदी राहतात कोठे

लिनक्सवर परंपरेने चार फाइली या कामासाठी असतात. पहिली ‘/रन/यूटीएमपी’. जुन्या पुस्तकांत तिचा पत्ता ‘/व्हार/रन/यूटीएमपी’ असा दिसेल, पण आज तो बहुतेक ठिकाणी याच फाइलकडे नेणारा दुवा असतो. ही फाइल म्हणजे हजेरीचा फळा: आत्ता कोण आहे एवढेच त्यावर असते, आणि माणूस गेला की त्याची जागा पुसून पुन्हा वापरली जाते. दुसरी ‘/व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी’. ही रोजकीर्द आहे. हिच्यात खाली खाली भर पडत जाते, मागचे काही बदलत नाही. तिसरी ‘/व्हार/लॉग/बीटीएमपी’, जिच्यात फसलेले प्रयत्न जातात. चौथी ‘/व्हार/लॉग/लास्टलॉग’, आणि तिला खतावणी म्हणणे शोभेल, कारण तिच्यात प्रत्येक खात्यासाठी एकच जागा राखलेली असते आणि त्या जागी त्या खात्याचे शेवटचे लॉगिन तेवढे राहते.

या चारही फाइली बायनरी आहेत. ‘कॅट’ने उघडल्या तर पडद्यावर कचरा दिसेल, तेव्हा तसे करू नये. पहिल्या तिघींतील नोंद ठरावीक मापाची असते. ६४-बिट इंटेल वा एएमडी यंत्रावरील लिनक्समध्ये प्रत्येक नोंद ३८४ बाइटची असते, आणि तिच्यात वापरकर्त्याच्या नावाला ३२, टर्मिनलच्या नावाला ३२ आणि दूरच्या यंत्राच्या नावाला २५६ बाइट राखलेले असतात. सोबत प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा क्रमांक, वेळ आणि नोंदीचा प्रकार असतो. प्रकार आकड्यात लिहिला जातो: २ म्हणजे यंत्र सुरू झाले, ७ म्हणजे वापरकर्त्याचे सत्र सुरू झाले, ८ म्हणजे ती प्रोसेस संपली. नवख्याने एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.

यातली कळीची बाब अशी, की रोजकीर्दीत ‘अमुक जण बेचाळीस मिनिटे होता’ असे कोठेही लिहिलेले नसते. लॉगिनच्या वेळी एक नोंद पडते, लॉगआउटच्या वेळी त्याच टर्मिनलच्या नावाने दुसरी पडते, आणि या दोहोंची जोडी लावून कालावधी काढण्याचे काम नोंदी वाचणारा प्रोग्रॅम करतो. दुसरी नोंद पडलीच नाही तर त्याला अंदाज बांधावा लागतो. पुढे ‘लास्ट’ कमांडच्या उत्तरात जे चमत्कारिक शेरे दिसतात त्यांचे मूळ येथे आहे.

लास्टलॉगची गंमत वेगळी आहे. तिच्यात प्रत्येक खात्याची जागा त्याच्या यूआयडीवरून, म्हणजे खात्याच्या क्रमांकावरून ठरते, आणि एक नोंद २९२ बाइटची असते. त्यामुळे यूआयडी १०० कोटी असलेल्या एकाच माणसाने लॉगिन केले तरी ‘एलएस’ ही फाइल सुमारे २९२ जीबीची दाखवते, आणि नवखा प्रशासक डिस्क भरल्याच्या भीतीने ती पुसायला निघतो. प्रत्यक्षात ती पोकळ फाइल असते. मधल्या रिकाम्या भागाला डिस्कवर जागाच दिलेली नसते. ‘डीयू’ कमांडने पाहिले की खरा आकार कळतो. पोकळ फाइली न समजणारे बॅकअप प्रोग्रॅम मात्र तेथे खरोखरच अडकून पडतात.

पायरी पहिली: आत्ता कोण आहे

टर्मिनल उघडून ‘हू’ एवढेच टंकावे. उत्तर साधारण असे येते:

आशा  पीटीएस/०  २०२५-०३-१२ ०९:४१ (१०.०.०.२५)

पहिला रकाना खात्याचे नाव, दुसरा टर्मिनल, तिसरा लॉगिनची वेळ आणि कंसात आलेले यंत्र. टर्मिनलच्या रकान्यात ‘टीटीवाय१’ असे काही असेल तर माणूस यंत्राच्या स्वतःच्या कीबोर्डसमोर बसला आहे. ‘पीटीएस’ असेल तर ते आभासी टर्मिनल आहे, म्हणजे एसएसएचमधून (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीतून) आलेले किंवा ग्राफिकल पडद्यावरील खिडकीत उघडलेले. ‘हू -बी’ने यंत्र केव्हा सुरू झाले ते कळते, आणि मोठ्या एचचा पर्याय दिला की रकान्यांवर मथळे येतात.

‘हू’पेक्षा मला ‘डब्ल्यू’ ही एकाक्षरी कमांड अधिक उपयोगी वाटते. तिच्या पहिल्या ओळीत सध्याची वेळ, यंत्र किती काळ चालू आहे, किती जण आत आहेत आणि गेल्या १, ५ व १५ मिनिटांचा सरासरी भार येतो. त्याखाली प्रत्येक सत्राची एक ओळ असते: तो कोठून आला, केव्हा आला, किती वेळ निष्क्रिय आहे आणि आत्ता कोणता प्रोग्रॅम चालवतो आहे. ‘जेसीपीयू’च्या रकान्यात त्या टर्मिनलशी जोडलेल्या सर्व प्रोसेसनी घेतलेला प्रोसेसरचा वेळ असतो, तर ‘पीसीपीयू’च्या रकान्यात शेवटच्या रकान्यात नाव असलेल्या प्रोसेसचा. निष्क्रियतेचा आकडा फार गांभीर्याने घेऊ नये. तो टर्मिनलच्या उपकरण-फाइलला शेवटचा स्पर्श केव्हा झाला यावरून काढला जातो. कोणी चार तासांचे काम लावून नुसते पाहत बसला असेल तर तो चार तास निष्क्रिय दिसतो, आणि त्याला झोपलेला समजून त्याचे सत्र तोडणे हा मोठाच अन्याय होईल.

ओळींची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे. एकच जण तीन खिडक्यांतून एसएसएच करून आला असेल तर तीन ओळी दिसतील. ग्राफिकल पडद्यावरची काही टर्मिनले आपल्या प्रत्येक खिडकीची नोंद यूटीएमपीत घालतात, काही मुळीच घालत नाहीत.

आणखी एक गोंधळ येथेच निस्तरावा. ‘हूअॅमआय’ ही सलग लिहिलेली कमांड तुम्ही आत्ता कोणाच्या अधिकाराने काम करत आहात ते सांगते. ‘हू’, ‘अॅम’, ‘आय’ असे तीन सुटे शब्द टंकले तर या टर्मिनलवर मुळात कोणी लॉगिन केले ते कळते. खाते बदलणाऱ्या ‘एसयू’ कमांडने रूट, म्हणजे सर्वाधिकारी खाते, झाल्यावर पहिली ‘रूट’ म्हणेल आणि दुसरी तुमचे मूळ नाव दाखवेल, कारण ‘एसयू’ सहसा यूटीएमपीला हात लावत नाही.

पायरी दुसरी: आधी कोण येऊन गेले

येथे ‘लास्ट’ कामी येते. ती रोजकीर्द उलटी, म्हणजे ताज्या नोंदीपासून मागे वाचते. नुसते ‘लास्ट’ टंकले तर शेकडो ओळी धावत जातील, म्हणून ‘लास्ट -एन २०’ असे लिहून शेवटच्या वीस मागाव्यात. खात्याचे नाव पुढे दिले तर त्याच खात्याच्या नोंदी येतात. नेहमीच्या उत्तरात वर्ष नसते, आणि दोन वर्षांची रोजकीर्द असलेल्या यंत्रावर ही उणीव घात करते. म्हणून मोठ्या एफचा पर्याय देऊन पूर्ण तारीख मागण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. लांब नावे अर्धी कापली जात असतील तर लहान डब्ल्यूचा पर्याय द्यावा, आणि यंत्राच्या नावाऐवजी आयपी पत्ता हवा असेल तर लहान आयचा. ‘-एस’ आणि ‘-टी’ या पर्यायांनी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते सांगता येते, आणि ‘-पी’ला एखादा क्षण दिला तर त्या क्षणी आत असलेले सगळे दिसतात. रात्री तीन वाजता काही बिघडले असेल तर चौकशीची सुरुवात या शेवटच्या पर्यायापासून करावी.

आता शेऱ्यांविषयी. कंसातील ‘०१:२७’ म्हणजे एक तास सत्तावीस मिनिटे, आणि ‘१+०३:१५’ म्हणजे एक दिवस, तीन तास, पंधरा मिनिटे. ‘स्टिल लॉग्ड इन’ म्हणजे सत्र अजून चालू आहे. ‘डाउन’ म्हणजे यंत्र रीतसर बंद केल्यामुळे सत्र संपले. ‘क्रॅश’ हा शब्द पाहून नवखे घाबरतात, पण त्याचा अर्थ एवढाच की लॉगआउटची किंवा बंद होण्याची नोंद न पडता थेट यंत्र पुन्हा सुरू झाल्याची नोंद सापडली. वीज गेली असेल, कोणी बटण दाबले असेल, किंवा आभासी यंत्र बाहेरून थांबवले गेले असेल. ‘गॉन - नो लॉगआउट’ म्हणजे लॉगिनची नोंद आहे, लॉगआउटची नाही, आणि ज्या प्रोसेसने लॉगिन लिहिले ती आता जिवंत नाही. हे चारही शेरे फाइलीत कोठे लिहिलेले नसून ‘लास्ट’ने जोडी लावताना काढलेले निष्कर्ष आहेत, हे वर सांगितलेच आहे.

‘लास्ट रीबूट’ असे टंकले तर यंत्र केव्हा केव्हा सुरू झाले त्याची यादी मिळते, आणि ‘लास्ट -एक्स’ने बंद होण्याच्या नोंदीही सोबत येतात. उत्तराच्या अगदी तळाशी ‘डब्ल्यूटीएमपी बिगिन्स’ अशी ओळ असते. ती वाचल्याशिवाय ‘अमुक व्यक्ती कधीच आली नव्हती’ असे विधान कोणापुढेही करू नये. ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्रॅम ठरावीक काळाने जुनी रोजकीर्द बाजूला ठेवून नवी सुरू करतो. डेबियन या लिनक्सच्या ठरलेल्या मांडणीत ती दर महिन्याला बदलते आणि मागची एकच प्रत राहते. मागच्या प्रतीत पाहायचे असेल तर ‘लास्ट -एफ’ लिहून पुढे त्या जुन्या फाइलचा पत्ता द्यावा. येथला एफ लहान आहे, वर सांगितलेला मोठा.

ज्यांना बेरीज हवी त्यांच्यासाठी ‘एसी’ ही कमांड आहे. ती रोजकीर्दीवरून कोण किती तास आत होते ते जोडून देते. ‘-पी’ने माणसागणिक, ‘-डी’ने दिवसागणिक. यंत्राचा वेळ तासांवर विकला जात असे त्या काळातली ही कमांड. असल्या हिशेबातूनच १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ७५ सेंटची तफावत निघाली, आणि तिचा पिच्छा पुरवताना क्लिफर्ड स्टोल यांना पश्चिम जर्मनीतून आत शिरणारा घुसखोर सापडला. किरकोळ तफावत म्हणून ते गप्प बसले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

पायरी तिसरी: फसलेले प्रयत्न

‘लास्टबी’ ही ‘लास्ट’चीच जुळी कमांड आहे, फक्त ती बीटीएमपी वाचते आणि तिला रूटचा अधिकार लागतो. एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल तर हिचे उत्तर पाहून प्रथम धक्का बसतो: ‘रूट’, ‘अॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी हजारो प्रयत्न दिसतात. हे आपोआप दारे ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम असतात, आणि त्यांचा रोख तुमच्यावरच आहे असे मानण्याचे कारण नाही. पासवर्डने लॉगिन बंद करून किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त फाइल) वापरली की त्यांचा बहुतेक त्रास संपतो. काळजीने पाहावे ते वेगळेच: तुमच्या यंत्रावर खरोखर असलेल्या, पण सहज अंदाज न येणाऱ्या खात्याच्या नावाने प्रयत्न होत असतील, तर ते नाव बाहेर कोठून गेले याचा विचार करावा लागतो.

ही फाइल रूटशिवाय कोणालाही वाचता न येण्यामागे आणखी एक कारण आहे. घाईत माणूस नावाच्या जागी पासवर्ड टंकतो आणि एंटर दाबतो. तो प्रयत्न फसतो, आणि कित्येक प्रोग्रॅम ते ‘नाव’ बीटीएमपीत किंवा मजकुरी लॉगमध्ये जसेच्या तसे लिहून ठेवतात. मी स्वतः हे केले आहे. लगेच पुढच्या ओळीत खरे नाव आणि यशस्वी लॉगिन असते, त्यामुळे तो पासवर्ड कोणाचा हेही वाचणाऱ्याला कळते. असे झाले की पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, हा एकच उपाय आहे.

पायरी चौथी: सिस्टमडीचे स्वतःचे दफ्तर

सिस्टमडी (यंत्र सुरू होताना सर्व सेवा चालू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या लिनक्सवर ‘लॉगिंड’ नावाची सेवा सत्रांची वेगळी नोंद ठेवते, आणि तिच्याशी बोलण्याची कमांड आहे ‘लॉगिनसीटीएल’, म्हणजे ‘लॉगिन’ला जोडून सी-टी-एल. ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ने चालू सत्रांची यादी मिळते. तिच्यातला सत्र-क्रमांक घेऊन ‘लॉगिनसीटीएल सेशन-स्टेटस’ विचारले तर सत्र केव्हा सुरू झाले, कोणत्या सेवेतून आले, दूरचे असेल तर कोणत्या पत्त्यावरून, आणि त्यात आत्ता कोणकोणत्या प्रोसेस आहेत, हे झाडासारखे मांडून दाखवले जाते. यूटीएमपीजवळ यातला शेवटचा भाग नाही. फळ्यावर फक्त एका प्रोसेसचा क्रमांक असतो; लॉगिंड प्रत्येक सत्रासाठी कर्नलकडून वेगळा गट करून घेतो, त्यामुळे त्या सत्रातून निघालेली पोरे-नातवंडेही त्याच गटात सापडतात.

सत्राच्या अवस्थेत ‘अॅक्टिव्ह’ म्हणजे चालू आणि समोर असलेले, ‘ऑनलाइन’ म्हणजे चालू पण समोर नसलेले, आणि ‘क्लोजिंग’ म्हणजे माणूस बाहेर पडला पण त्याच्या काही प्रोसेस मागे रेंगाळत आहेत. लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणाऱ्या ‘टीमक्स’सारख्या प्रोग्रॅममध्ये काम ठेवून जाणाऱ्यांची सत्रे या शेवटच्या अवस्थेत दिसणे स्वाभाविक आहे.

लॉगिंडचे दफ्तर ‘/रन’खाली असल्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाले की कोरे होते. इतिहास पाहायचा तर जर्नलकडे, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगकडे जावे लागते: ‘जर्नलसीटीएल’ला ‘-यू’ पर्यायाने लॉगिंडच्या सेवेचे नाव दिले की प्रत्येक नव्या सत्राची आणि संपलेल्या सत्राची ओळ क्रमांकासह मिळते. तेथेही एक अट आहे. सिस्टमडीच्या बहुतेक आवृत्त्यांच्या ठरलेल्या मांडणीत ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी अस्तित्वात असेल तरच जर्नल डिस्कवर टिकते, नाहीतर तेही पुन्हा सुरू होताना जाते.

पायरी पाचवी: जे ‘लास्ट’ला दिसत नाहीत

या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे, आणि तो माझाही बरीच वर्षे होता. एसएसएच सेवा यूटीएमपी आणि डब्ल्यूटीएमपीत नोंद घालते ती टर्मिनल दिले गेले तरच. कोणी ‘एसएसएच’पुढे यंत्राचे नाव आणि लगेच एखादी कमांड लिहून ती दुरून चालवली, किंवा एसएसएचवरूनच फाइली नेणाऱ्या ‘एससीपी’ अथवा ‘एसएफटीपी’ने फाइली उचलल्या, तर टर्मिनल लागतच नाही, आणि म्हणून ‘हू’, ‘डब्ल्यू’, ‘लास्ट’ या तिघींनाही तो माणूस दिसत नाही. एका यंत्रावरून रोज रात्री फाइली नेल्या जात होत्या, आणि ‘लास्ट’मध्ये काही नाही म्हणून मी आठवडाभर डिस्कमध्ये दोष शोधत राहिलो होतो. घरात शिरणाऱ्याने दार वाजवले नाही म्हणून तो आलाच नाही, असे मानण्यातला तो प्रकार होता.

अशा वेळी मजकुरी लॉग पाहावा. डेबियन आणि उबंटूच्या परंपरेत तो ‘/व्हार/लॉग/ऑथ.लॉग’ असतो, रेड हॅटच्या परंपरेत ‘/व्हार/लॉग/सिक्युअर’, आणि ज्या यंत्रांवर ही फाइल नसते तेथे तोच मजकूर जर्नलमध्ये असतो. यशस्वी लॉगिनची ओळ ‘अॅक्सेप्टेड’ या शब्दाने सुरू होते, आणि तिच्यात पद्धत, खाते, आयपी पत्ता व पोर्ट असतो. किल्लीने लॉगिन झाले असेल तर त्या किल्लीचा ठसाही, म्हणजे तिची ओळख सांगणारी अक्षरमालिका, असतो, आणि हा ठसा फार मोलाचा आहे: एकाच सामाईक खात्यावर पाच जण आपापल्या किल्लीने येत असतील, तर ‘लास्ट’ सर्वांना एकाच नावाने दाखवते, पण ठशावरून नेमका कोण आला ते ओळखता येते. सामाईक खातेच नसावे हे उत्तम, पण असलेच तर हा एक धागा हाती राहतो.

त्याहून खोल जायचे असेल तर कर्नलची ऑडिट यंत्रणा आहे. लॉगिनच्या वेळी पॅमचा (ओळख तपासणाऱ्या यंत्रणेचा) एक भाग प्रोसेसवर ‘लॉगिनयूआयडी’ नावाचा शिक्का मारतो, आणि तो शिक्का ‘एसयू’ किंवा (दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवणारे) ‘सुडो’ केल्यावरही तसाच राहतो. ‘/प्रॉक/सेल्फ/लॉगिनयूआयडी’ ही फाइल ‘कॅट’ने वाचली तर स्वतःचा शिक्का दिसेल. तेथे ४२९४९६७२९५ असा भलामोठा आकडा आला तर घाबरू नये. शिक्का मारलाच गेला नाही असा त्याचा अर्थ आहे, आणि यंत्र सुरू होताना आपोआप चालू झालेल्या सेवांचा तो तसाच असतो. ऑडिटची सेवा चालू असेल तर ‘एयूलास्ट’ ही कमांड ‘लास्ट’सारखीच यादी देते, पण ती ऑडिटच्या लॉगवरून बनवते, म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवून तपासणे उद्बोधक ठरते.

पायरी सहावी: सत्र बंद करणे

आधी माणसाला सांगावे. ‘राइट’ किंवा ‘वॉल’ने त्याच्या पडद्यावर निरोप पाठवता येतो. त्यानंतर सिस्टमडी असेल तर ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन’ आणि सत्र-क्रमांक हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. तो नसेल तर ‘पीकिल -टी’ लिहून पुढे टर्मिनलचे नाव द्यावे, आणि आधी ‘-हप’ हा संकेत पाठवावा. टर्मिनल तुटल्यावर कर्नल जो संकेत पाठवतो तोच हा. ‘-किल’ अगदी नाइलाज झाला तरच वापरावा. एसएसएचची ते सत्र सांभाळणारी प्रोसेसच अशी मारली तर लॉगआउटची नोंद लिहायला कोणी उरत नाही, आणि रोजकीर्दीत ‘गॉन - नो लॉगआउट’ची भर पडते. कमांड देण्यापूर्वी आपले स्वतःचे टर्मिनल कोणते ते ‘टीटीवाय’ या कमांडने पाहून घ्यावे. हसू येईल, पण स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडण्याचा हा प्रसंग प्रत्येक प्रशासकावर एकदा तरी येतो.

नेटवर्क तुटल्यामुळे लटकून राहिलेली सत्रे हाताने तोडत बसण्यापेक्षा एसएसएच सेवेच्या मांडणीत ‘क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल’ आणि ‘क्लायंट-अलाइव्ह-काउंट-मॅक्स’ यांना योग्य आकडे द्यावेत. पहिल्यात ६० आणि दुसऱ्यात ३ असेल, तर उत्तर न देणारे सत्र साधारण तीन मिनिटांत आपोआप सुटते. तेथे या पर्यायांची नावे सलग, मधल्या रेघांशिवाय लिहायची असतात.

इतर प्रणालींवर, आणि २०३८ च्या अलीकडे

फ्रीबीएसडीने ९.० आवृत्तीपासून जुन्या फाइली सोडून नव्या घेतल्या: हजेरीसाठी ‘/व्हार/रन/यूटीएक्स.अॅक्टिव्ह’, रोजकीर्दीसाठी ‘/व्हार/लॉग/यूटीएक्स.लॉग’, खतावणीसाठी ‘/व्हार/लॉग/यूटीएक्स.लास्टलॉगिन’. ‘हू’ आणि ‘लास्ट’ तेथेही आहेत, पर्याय मात्र वेगळे आहेत. मस्ल ही सी-लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइनसारख्या लिनक्सवर ‘हू’ने काहीच दाखवले नाही तर यंत्र बिघडले असे समजू नये, मस्लमधील यूटीएमपीची फंक्शने हेतुपुरस्सर पोकळ ठेवलेली आहेत.

मुख्य बदल लिनक्सवरच चालू आहे. वर सांगितलेल्या ३८४ बाइटच्या नोंदीत सेकंदांसाठी ३२ बिट आहेत, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले, आणि ते १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ वाजता भरून जातील. नोंदीचे माप बदलावे तर जुने सगळे प्रोग्रॅम मोडतात. म्हणून रोजकीर्दीच्या जागी ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ आणि खतावणीच्या जागी ‘लास्टलॉग२’ असे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर आधारलेले पर्याय आले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ‘लास्ट’, ‘लास्टबी’ आणि ‘लास्टलॉग’ या कमांड नेहमीच्या पॅकेजांतून काढलेल्या आहेत. हव्या असतील तर हे नवे पर्याय वेगळे बसवावे लागतात, आणि फसलेल्या प्रयत्नांसाठी ‘एलएसलॉगिन्स’ची मदत होते. तेव्हा एखाद्या नव्या यंत्रावर ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर आले तर ते नवल नाही. पॅकेज उशिरा बसवले तर त्याआधीचा इतिहास मिळणार नाही, म्हणून ते यंत्र उभे करतानाच बसवावे.

नोंदींची राखण

डब्ल्यूटीएमपी फाइल अस्तित्वात नसेल तर लॉगिनचे प्रोग्रॅम ती नव्याने तयार करत नाहीत. ते मुकाट्याने नोंद टाळून पुढे जातात. जागा करण्यासाठी कोणी ती पुसली, की इतिहास त्या दिवसापासून बंद पडतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. रिकामी करायची असेल तर फाइल ठेवून आतला मजकूर काढावा, आणि मालकी रूटकडे व गट ‘यूटीएमपी’कडे असल्याची खात्री करावी. इतरांना लिहिण्याचा अधिकार कधीही देऊ नये. सनओएसच्या ४.१ मालिकेत यूटीएमपी कोणालाही लिहिता येत असे, आणि त्याबद्दल १९९४ मध्ये सर्व प्रशासकांना धोक्याची सूचना द्यावी लागली होती.

रूटचा अधिकार मिळवलेल्या घुसखोराला यातले काहीही बदलता येते. ‘यूटीएमपीडंप’ या कमांडने बायनरी फाइल मजकुरात उतरवता येते, आणि ‘-आर’ने मजकूर पुन्हा बायनरीत नेता येतो, दुरुस्तीसाठी दिलेली सोय खाडाखोडीलाही चालते. कच्च्या हाताने पुसलेली नोंद बरेचदा शून्यांनी भरलेली राहते, आणि ‘यूटीएमपीडंप’मध्ये तिची तारीख १ जानेवारी १९७० अशी दिसते. फाइलीच्या मधोमध अशी ओळ दिसली तर यंत्र तत्काळ नेटवर्कपासून वेगळे करावे आणि त्याच यंत्रावरील इतर लॉगवर विसंबू नये. त्यासाठी आधीच करून ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे लॉगिनच्या मजकुरी ओळी ‘आरसिसलॉग’ किंवा तत्सम सेवेने त्या क्षणीच दुसऱ्या यंत्रावर पाठवणे, जेथे या यंत्राच्या रूटला काहीही पुसता येणार नाही. दोन्ही यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेली असावीत आणि वेळक्षेत्र एकच ठेवावे, नाहीतर एकीकडची ०३:०० ची नोंद दुसरीकडे कोणत्या ओळीशी जोडायची, हे ठरवण्यातच तपासाचा पहिला दिवस जातो.